दुहेरी तारा, एकेरी वाहतूक

यवतमाळहून मूर्तिजापूरकडे जाणारा अरुंद रुळांचा लोहमार्ग मुख्यतः कापसासाठीं घातला गेला. जिनांतून निघालेली रुई प्रेसमध्यें दाबून तिच्या गासड्या बनत, त्या लहान डब्यांतून मूर्तिजापूरपर्यंत जात आणि तेथें रुंद रुळांच्या गाडींत चढून मुंबईकडे रवाना होत. १९२५ सालच्या कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्यानें प्रत्येक गासडीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालणें सक्तीचें झालें. म्हणजे कोणती गासडी कोठें दाबली गेली, हें तिच्या अंगावरच लिहिलेलें असे. परंतु जंक्शनवर मालगाडीचे डबे इकडून तिकडे लावणाऱ्या माणसाला गासडीवरील खुणेशीं कांहींच कर्तव्य नसे. डब्याच्या बाहेर अडकविलेली चिठ्ठी तो वाची, तिच्यावरील स्टेशनाचें नांव पाही आणि डबा त्या वाटेला लावी. डबा उघडून आंत काय आहे तें पाहण्याची त्याला गरज नव्हती; आणि गरज नव्हती म्हणूनच काम झपाट्यानें होई.

संगणकांच्या जाळ्यांतील आजची पुष्कळशी वाहतूक याच युक्तीनें चालते. एखादें चित्र, पत्र किंवा सातबाराचा उतारा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं जातांना त्याचे लहान लहान तुकडे होतात. या तुकड्यास पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटावर पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. मोठ्या जाळ्याच्या तोंडाशीं असलेला राउटर हा पत्ता एकदां नीट वाचतो आणि पॅकेटाच्या बाहेर एक आंकडा चिकटवितो. हीच चिठ्ठी, अर्थात् लेबल. पुढील नाक्यांवरचे राउटर मूळ पत्ता वाचीत बसत नाहींत. ते चिठ्ठीवरील आंकडा पाहतात, ती चिठ्ठी काढून पुढच्या नाक्याला समजेल अशी दुसरी लावतात आणि पॅकेट पुढें ढकलतात. या पद्धतीस एमपीएलएस असें नांव असून, इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या आयईटीएफ या मंडळानें तिची मूळ रचना २००१ च्या जानेवारींत प्रसिद्ध केली. चिठ्ठी सारी ३२ बिटांची असते. त्यांपैकीं २० बिट आंकड्यासाठीं, ३ अग्रक्रमासाठीं, १ ‘ही शेवटची चिठ्ठी’ एवढें सांगण्यासाठीं आणि उरलेले ८ पॅकेट जाळ्यांत अखंड फिरत राहूं नये म्हणून. २० बिटांत १०,४८,५७६ निरनिराळे आंकडे मावतात. त्यांतील ० ते १५ विशेष कामांसाठीं राखून ठेवलेले आहेत.

ही हकीकत केवळ मोठ्या शहरांतील कंपन्यांपुरती राहिलेली नाहीं. ग्रामपंचायतींपर्यंत फायबरची तार नेण्याची योजना केंद्र सरकारनें २०११ सालीं मंजूर केली. तीच पुढें भारतनेट या नांवानें ओळखली जाऊं लागली. २०२३ च्या ऑगस्टमध्यें मंजूर झालेल्या सुधारित योजनेंत तालुक्याच्या ठिकाणीं आणि ग्रामपंचायतींत राउटर बसवून याच चिठ्ठ्यांच्या पद्धतीचें जाळें उभारावयाचें ठरलें. यवतमाळ जिल्ह्यांत तालुके १६. उत्तरेकडे वर्धा नदीच्या बाजूचें बाभुळगांव आणि दक्षिणेला पैनगंगेकडील उमरखेड यांच्यामध्यें केवढा मुलूख पसरलेला आहे, हें नकाशा पाहिल्याखेरीज ध्यानांत येत नाहीं. गांवोगांवची वाहतूक तालुक्याला, तालुक्याची जिल्ह्याला, आणि जिल्ह्याची पुढें मोठ्या शहरांना, अशी ती एकवटत जाते. जितकें वर जावें तितकी तार अधिक भरते.

तार भरली म्हणजे काय होतें, हें खरीप पीकविम्याची मुदत संपत आली असतां सेवाकेंद्रापुढें उभे राहणाऱ्या शेतकऱ्याला विचारावें. कागद अर्धा चढतो आणि थांबतो. चक्र फिरत राहतें. सर्व्हर बंद आहे, असें उत्तर मिळतें. कधीं तो खरोखरच बंद असतो. कधीं मात्र सर्व्हर सुखरूप असून वाटेतील एक तार तुडुंब भरलेली असते. यावर सर्वांना सुचणारा उपाय एकच : दुसरी तार टाका. आणि येथूनच या विषयांतील खरी गंमत सुरू होते. कारण दुसरी तार टाकली, पैसे खर्च झाले, दिवे लागले, तरी रांग तेवढीच राहिली, असें घडूं शकतें. कोणाची लबाडी नसतांना, आणि यंत्र बिघडलेलें नसतांनाही.

दोन स्विचांमधील दोन किंवा अधिक तारा एकत्र बांधून त्यांची एकच जाड तार आहे असें भासविण्याची सोय फार दिवसांची आहे. आयईईई या संस्थेनें तिचा नियम २००० सालीं ठरवून दिला. सेकंदास १ गिगाबिट नेणाऱ्या दोन तारा बांधल्या कीं जुडी २ गिगाबिटांची झाली, असें कागदावर लिहिलें जातें. परंतु प्रत्येक पॅकेट या दोहोंपैकीं कोणत्या तारेनें धाडावें, हा निर्णय स्विचला क्षणोक्षणीं घ्यावा लागतो. एक इकडे, एक तिकडे, असें आळीपाळीनें वांटलें तर काय बिघडलें, असें कोणीही विचारील. बिघडतें तें असें : दोन तारांवरील गर्दी सारखी नसते, म्हणून मागून निघालेलें पॅकेट आधीं पोंचतें. पलीकडच्या संगणकाला क्रम चुकलेला दिसला म्हणजे मधलें पॅकेट वाटेंत हरवलें अशी त्याची समजूत होते. तो तें पुन्हां मागवितो, आणि पाठविणारा संगणक वाटेवर गर्दी झाली आहे असें समजून आपला वेग कमी करतो. अशा रीतीनें दोन तारा मिळून एका तारेहूनही मंद चालूं शकतात.

म्हणून स्विच एक सोपें धोरण पाळतो. एका माणसाचें एका सर्व्हरशीं चाललेलें संभाषण, ज्याला प्रवाह म्हणतात, तें आरंभापासून अखेरपर्यंत एकाच तारेनें जाऊं द्यावयाचें. निरनिराळे प्रवाह मात्र निरनिराळ्या तारांवर वांटावयाचे. कोणता प्रवाह कोठें, याची नोंदवही तो ठेवीत नाहीं. तेवढा वेळ नसतो. तो पॅकेटावरील पत्त्यांचें एक झटपट गणित करतो. या गणितास हॅश म्हणतात. समजा, पाठविणाऱ्याच्या पत्त्याचे अखेरचे अंक ३७ आणि घेणाऱ्याच्या पत्त्याचे ५२. बेरीज ८९, विषम. म्हणून दुसरी तार. सम आली तर पहिली. प्रत्यक्ष गणित याहून गुंतागुंतीचें असतें, पण तत्त्व हेंच. तेच पत्ते असतील तोंवर उत्तरही तेंच येणार, म्हणून क्रम बिघडत नाहीं. आणि माणसें पुष्कळ असलीं म्हणजे सम-विषम साधारण सारखे पडतात.

पुष्कळ असलीं म्हणजे; थोडीं असलीं तर नाहीं. हें घरीं चार नाणीं उडवून पाहतां येईल. चार प्रवाह दोन तारांवर बरोबर दोन-दोन पडण्याचा संभव अवघा ३/८ आहे, आणि चारही एकाच तारेवर पडण्याचा १/८. हजार प्रवाहांत असा प्रसंग येणार नाहीं. तेव्हां समान वांटणी ही प्रवाहांच्या संख्येवर अवलंबून आहे. अधिक नेमकें बोलावयाचें तर, स्विचला *दिसणाऱ्या* प्रवाहांच्या संख्येवर. मुलांच्या शाळा, तहसील, बँका, दवाखाने आणि हजारों भ्रमणध्वनि मिळून एका तालुक्यांत असंख्य प्रवाह वाहत असतात. ते स्विचला दिसले तर काळजी नाहीं. दिसले नाहींत तर?

चिठ्ठी लावलेल्या वाहतुकींत ते दिसत नाहींत, आणि जंक्शनवरील माणसाची सोय येथें अडचण होऊन बसते. समजा, यवतमाळ आणि पांढरकवडा यांच्यामध्यें दोन तारांची जुडी आहे, दोन्ही टोकांना राउटर आहेत आणि मध्यें एक साधा स्विच आहे. पांढरकवड्याहून येणाऱ्या साऱ्या पॅकेटांवर राउटरनें चिठ्ठी लाविली. साध्या स्विचला ही चिठ्ठी वाचतां येत नाहीं. पॅकेटाच्या सर्वांत बाहेरच्या वेष्टणावर जे पत्ते असतात तेवढेच तो जाणतो, आणि ते पत्ते कोणाचे? या राउटराचा आणि त्या राउटराचा. सारा केळापूर तालुका बोलत असला तरी स्विचच्या दृष्टीनें दोनच असामी बोलत आहेत, आणि तें एकच संभाषण आहे. गणिताचें उत्तर दर वेळीं एकच. पहिली तार भरून वाहते. दुसरी दिवा लुकलुकवीत मोकळी बसते.

बरें, स्विच थोडा शहाणा घेतला आणि त्याला चिठ्ठी वाचतां आली, तरी सुटका होतेच असें नाहीं. चिठ्ठी ही वाटेची असते, माणसाची नव्हे. यवतमाळकडे जाणारी सारी वाहतूक एका वाटेची म्हणून तिच्यावर एकच आंकडा असूं शकतो. मुंबईला जाणाऱ्या शंभर डब्यांवर ‘मुंबई’ एवढेंच लिहिलें असेल, तर त्यावरून ते दोन रुळांवर निम्मेनिम्मे कसे वांटावे? वाटा अनेक असतील आणि आंकडे अनेक असतील तर थोडाफार गुण येतो. मोठ्या शहरांच्या जोडणीवर तसें होतेंही. तालुक्याच्या टोकाला वाटा मोजक्याच असतात, म्हणून हें दुखणें तेथें अधिक बोंचतें.

यावर पहिला उपाय निघाला तो चिठ्ठीच्या खालीं डोकावण्याचा. स्विचनें साऱ्या चिठ्ठ्या ओलांडून जावें, आंतील मूळ पत्ता वाचावा आणि त्याचें गणित करावें. यांत एक मोठी गोम आहे. आंत काय भरलें आहे हें चिठ्ठीवर कोठेंच लिहिलेलें नसतें. ३२ बिटांत त्यासाठीं जागाच ठेवलेली नाहीं. म्हणून स्विच अटकळ बांधतो. इंटरनेटच्या पॅकेटाचे पहिले चार बिट त्याची आवृत्ति सांगतात : ४ किंवा ६. तेव्हां शेवटच्या चिठ्ठीनंतर ४ किंवा ६ दिसला कीं हें इंटरनेटचें पॅकेट, असें समजून तो पुढें पत्ते वाचूं लागतो. बहुतेक वेळां अटकळ बरोबर ठरते. पण वणीच्या आणि यवतमाळच्या दोन कचेऱ्या जणूं एकाच इमारतींत आहेत अशा रीतीनें जोडावयाच्या असल्या, तर चिठ्ठीच्या आंत इंटरनेटचें पॅकेट नव्हे, तर कचेरीतील अंतर्गत तारेवरील सबंध पुडकें जसेंच्या तसें बंद केलेलें असतें. त्याच्या आरंभीं असतो यंत्राचा कारखान्यानें दिलेला पत्ता. तो जर ४ किंवा ६ या अंकानें सुरू होत असेल, तर स्विच फसतो. पुडक्यांतील भलताच मजकूर तो पत्ता म्हणून वाचतो. तो मजकूर पॅकेटागणिक बदलतो. आणि एकाच संभाषणाचे तुकडे दोन्ही तारांवर उधळले जातात. क्रम बिघडतो, वेग मंदावतो. दुखणें असें चमत्कारिक कीं एका कचेरीला होतें आणि शेजारच्या कचेरीला होत नाहीं. कारण काय, तर दोघींनीं घेतलेल्या यंत्रांच्या पत्त्याचा पहिला अंक निराळा! ज्या अभियंत्यास ही गोष्ट ठाऊक नाहीं, तो बिचारा तारा बदलून, यंत्रें बदलून दमेल.

अशा पुडक्यांपुढें चार बाइटांचा एक निशाणीचा शब्द घालावा आणि त्याचा आरंभ ० नें करावा, म्हणजे कोणी त्यास ४ किंवा ६ समजणार नाहीं, अशी तोड २००६ च्या नियमांत आहे. ती घातली म्हणजे उधळण थांबते. मात्र वांटणीचा प्रश्न तसाच उरतो. आंतलें दिसत नाहीं, म्हणून पुन्हां सारें एका तारेवर.

खरा समाधानकारक मार्ग २०१२ च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध झाला, आणि तो सुचण्यास इतकीं वर्षें लागलीं याचेंच नवल वाटावें, इतका तो सरळ आहे. मध्यल्या नाक्यावरील माणसाला डबा उघडण्यास लावूं नये. डबा भरतांना ज्यानें गासड्यांवरील खुणा डोळ्यांनीं पाहिलेल्या आहेत, त्या आरंभींच्या कारकुनानेंच चिठ्ठीवर आणखी एक आंकडा लिहून ठेवावा. जाळ्याच्या तोंडाशीं असलेल्या राउटरानें पॅकेट एकदां उघडून वाचलेलेंच असतें. त्यानेंच तेथें गणित करावें, आणि उत्तर एका जादा चिठ्ठीवर लिहावें. या चिठ्ठीस एन्ट्रॉपी लेबल म्हणतात. तिच्यावरील आंकड्यानें कोणतीच वाट दाखविली जात नाहीं; एका प्रवाहाच्या पॅकेटांवर तो एकच असतो आणि निरनिराळ्या प्रवाहांवर निरनिराळा, एवढाच त्याचा उपयोग. ती ओळखूं यावी म्हणून तिच्या आधीं ७ आंकड्याची एक चिठ्ठी लावतात. राखून ठेवलेल्या आंकड्यांपैकीं हा एक. मधल्या स्विचांनीं अटकळ बांधण्याचें कारण उरलें नाहीं. चिठ्ठ्यांचेंच गणित करावें, क्रमही टिकतो आणि वांटणीही होते. पुडक्यांच्या वाहतुकीसाठीं असाच एक नियम आदल्या वर्षीं, २०११ मध्यें, ठरला होता.

या सोयीची किंमत फार नाहीं. दर पॅकेटामागें दोन चिठ्ठ्यांचे ८ बाइट अधिक. अटी मात्र दोन आहेत. शेवटच्या राउटरानें ‘ही चिठ्ठी मला समजते, मी ती काढून टाकीन’ असें आधीं कळविलेलें असलें पाहिजे. आणि मधल्या यंत्रांची नजर त्या चिठ्ठीपर्यंत पोंचली पाहिजे. कांहीं यंत्रें वरच्या ठराविक चिठ्ठ्याच वाचतात. चळत त्याहून उंच झाली तर खालचा आंकडा असून नसून सारखा.

आणखी एक खोड आहे. एकापुढें एक दोन स्विच असून दोघेही तेंच गणित करीत असले, तर पहिल्यानें विषम उत्तराचे प्रवाह दारव्ह्याच्या वाटेला लावले, असें समजावें. दारव्ह्याच्या स्विचकडे आले ते सारे विषमच. तो पुन्हां सम-विषम पाहतो आणि सर्वांना एकाच तारेवर लोटतो. यासाठीं प्रत्येक स्विचच्या गणितांत एक वेगळा आंकडा मिसळण्याची सोय असते. ती बहुधा यंत्राबरोबरच मिळते; वापरली आहे कीं नाहीं एवढें पाहावें लागतें.

तारांच्या संख्येचाही थोडा विचार हवा. कांहीं स्विच गणिताचीं उत्तरें आठ खणांत टाकतात आणि मग खण तारांना वांटतात. तारा दोन, चार किंवा आठ असल्या तर वांटणी सरळ. तीन असल्या तर ३, ३, २ अशी. तिसरी तार जोडून जुडी दीडपट होईल अशी अपेक्षा अशा यंत्रांत पुरी होत नाहीं.

सारें कांहीं जमलें तरी एक गोष्ट जमणार नाहीं. एकाच प्रवाहाला एका तारेपेक्षां अधिक वेग मिळणें शक्य नाहीं. जिल्ह्याच्या कचेरीचा सारा दप्तरसंग्रह रात्रीं एका संगणकावरून दुसऱ्यावर एकाच संभाषणानें जात असेल, तर तो १ गिगाबिटाच्या एकाच तारेला चिकटून बसणार, मग शेजारीं सात तारा मोकळ्या असोत. अशा प्रवाहांस या धंद्यांतील लोक हत्ती म्हणतात आणि लहानांस उंदीर. हत्तीच्या वाटेंत सांपडलेल्या उंदरांचे हाल होतात, हें सांगावयास नको. त्याचे तुकडे करून अनेक संभाषणांनीं पाठवावें, किंवा रात्रीची गैरसोयीची वेळ निवडावी, किंवा दहा गिगाबिटांची एकच तार घ्यावी. वेगाच्या दृष्टीनें अनेक बारीक तारांपेक्षां एक जाड तार केव्हांही बरी. जुडीचा दुसरा गुण मात्र तिच्यांत नाहीं.

तो गुण म्हणजे एक तार तुटली तरी काम चालू राहणें. जुडींतील यंत्रें एकमेकांना ठराविक अंतरानें ‘मी आहें’ असा निरोप धाडीत असतात. सावकाश रीतींत दर ३० सेकंदांनीं, जलद रीतींत दर सेकंदाला. तीन निरोप चुकले कीं ती तार गळाली. म्हणजे सावकाश रीतींत ९० सेकंद पॅकेटें आंधळ्या तारेंत पडत राहूं शकतात, जलद रीतींत ३. परंतु दोन्ही तारा एकाच केबलींत आणि एकाच चरांत असल्या, तर रस्ता रुंद करणाऱ्या यंत्राच्या एका दांत्यानें दोन्ही जातात आणि निरोपांची घाई व्यर्थ ठरते. भारतनेटच्या नव्या रचनेंत गांवें कड्यासारखीं जोडावयाचीं आहेत तीं याच भयानें : एका बाजूनें तुटलें तर दुसऱ्या बाजूनें यावें. कडें आणि जुडी यांची गल्लत होतांना दिसते. कड्याच्या दोन बाजू म्हणजे दुप्पट तार नव्हे. एक बाजू तुटल्यावर साऱ्यांचा भार दुसरीनें सोसावयाचा असतो, म्हणून ती तेवढी मोकळी ठेवलीच पाहिजे.

दुखणें आहे कीं नाहीं, हें ओळखणें अवघड नाहीं. प्रत्येक तारेवरून किती बाइट गेले याचा मोजणारा आंकडा स्विच स्वतःच ठेवतो. पण कचेरींतील आलेखावर बहुधा साऱ्या जुडीचा एकच आंकडा काढतात. एक तार ९८ टक्के भरलेली आणि दुसरी ४ टक्के, तर आलेख ५१ टक्के दाखवितो; फाइलीवर शेरा पडतो कीं जुडी निम्मी मोकळी आहे, विस्ताराची गरज नाहीं; आणि सेवाकेंद्रापुढील रांग जागची हलत नाहीं. तारा निरनिराळ्या मोजल्या तर हें पांच मिनिटांत उघडकीस येतें. त्यानंतर विचारण्याचे प्रश्न तीन : गणित कोणत्या पत्त्यांवर होतें, यंत्र किती चिठ्ठ्या खोल वाचतें, आणि तोंडाशीं असलेला राउटर एन्ट्रॉपीची चिठ्ठी लावतो कीं नाहीं. हे प्रश्न निविदा काढतांनाच लिहून घातले, तर पुष्कळ ठिकाणीं तिसरी तार विकत घेण्याआधीं दुसरी कामाला लागेल.